स्पोर्ट्स कार विकली, पैसेही आले... पण आरसीवर नाव कोणाचं?

सचिनची लाल फेरारी आठवते? डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, तीही मायकल शूमाकरच्या हस्ते. मग सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयात शुल्काच्या माफीवरून वाद पेटला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ते पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. गंमत म्हणजे फेरारी कंपनी अधिकृतपणे भारतात आली तीच २०११ मध्ये!

आता सचिनचं सोडा. समजा तुम्ही खोपटला राहता आणि हौसेने एक सेकंडहँड टू-सीटर घेतलीय. एसटी डेपोच्या गर्दीतून आणि स्पीडब्रेकरवरून पोट न घासता ती बाहेर काढायची, तर रविवारी पहाटेच. बाकी सहा दिवस गाडी सोसायटीत कव्हरखाली.

आणि खरा खर्च इथेच सुरू होतो. अशा गाड्या चालवून जितक्या झिजतात, त्याहून जास्त उभ्या राहून बिघडतात. बॅटरी उतरते, एकाच जागी वजन पडून टायर चपटे होतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात (ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको). टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्टचंही तेच. मीटरवर जेमतेम १० हजार किलोमीटर असले तरी कंपनीने सांगितलेली वर्षं भरली की तो बदलायचा. तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं.

पावसाळ्यात आणखी एक फटका. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं की पुन्हा स्टार्टर मारू नका, पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं.

विकायची वेळ आली की कळतं, कौतुकाने फोटो काढणारे शंभर, घेणारा एखादाच. तो सर्व्हिसची बिलं मागतो, दुसरी किल्ली मागतो. सायलेन्सर बदलला असेल तर मूळचा कुठेय विचारतो. म्हणून काढलेला एकही पार्ट भंगारात देऊ नका.

पैसे खात्यात आले, गाडी गेली, तरी व्यवहार संपत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलावं लागतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत कळवणं विकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. एमएच ०४ ची गाडी सुरतला चालली असेल तर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि कळवायची मुदत ४५ दिवस.

'घेणारा ओळखीचा आहे, करेल तो' इथेच लोक फसतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. २००९ मध्ये अपघात झाला आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. गाडी विकून जवळजवळ दोन वर्षं झाल्यावरचा हा अपघात! ताशी दोनशेने पळणारी गाडी अनोळखी हातात देताना हे आठवायला हवं.

त्यामुळे चावी देताना तारीख आणि वेळ लिहून सही घ्या, फास्टॅग बंद करा आणि एमपरिवहन ॲपवर नाव बदललेलं दिसेपर्यंत घेणाऱ्याच्या मागे लागा. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांत पुढच्या गाडीला वापरता येतो. पुढची गाडी येणार नाही, असं घरी कितीही सांगितलेलं असलं तरी.