बॉस, जिताडा लागला!

रविवारी सकाळी पावणेसहाला तुम्ही काय करता? झोपता. मीही एरवी तेच करते. पण ऑक्टोबरमधल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी बाळकुमच्या खाडीत, एका होडीत, लाइफ जॅकेट घालून बसले होते. हातात झाडूच्या काडीसारखा लवणारा रॉड आणि त्यावर शिवणकामाच्या दोऱ्याएवढी बारीक लाइन. ‘यानेच दहा किलोचा मासा काढायचा,’ माझा मित्र म्हणाला. हा प्राणी आठवडाभर ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्ट करतो आणि वीकएण्डला खाडी.

मासा म्हणजे जिताडा. कोणी त्याला खजुरा म्हणतं, गोव्यात तो चोणक, बंगालमध्ये भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून पापलेटची निवड झाली खरी, पण हे पेण-अलिबागकडे जाऊन सांगून बघा! तिथे शेतातल्या तळ्यात जिताडा वाढवतात आणि ज्याचा मान मोठा, त्याच्या घरी तो भेट म्हणून जातो. (दिवाळीला सोनपापडीचा डबा फिरवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

होडी गावातल्या एका काकांची. त्यांनी माझा रॉड हातात घेतला, वाकवून पाहिला आणि परत दिला. ‘खेळणं आहे,’ एवढंच बोलले.

लाइट टॅकलचा फंडा सोपा आहे. ताकद लावायचीच नाही. रीलला ड्रॅग नावाचा ब्रेक असतो, तो लाइनच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर लावायचा. मासा ओढेल तेव्हा लाइन सुटू द्यायची, तो दमला की गुंडाळायची. पण जिताड्याच्या कल्ल्यांवरची झाकणं पात्यासारखी धारदार असतात. म्हणून लाइनच्या टोकाला जाड नायलॉनचा तुकडा लावतात, त्याला लीडर म्हणायचं. शिवाय हा मासा राहतो कुठे, तर पुलाच्या खांबांच्या आडोशाला. ओहोटीबरोबर वाहत येणारी कोळंबी आणि बोय तिथे बसल्या जागी मिळतात. आयतं डबा सर्व्हिससारखं! एकदा का तो खांबाला वळसा घालून गेला, की लाइन खल्लास.

पहिला दीड तास काहीच झालं नाही. वर कशेळी पुलावर भिवंडीच्या ट्रकांची रांग, मागे टॉवर, समोर तिवरं. काका खाडीबद्दल बोलत होते. पूर्वी इथे पाग टाकला की घरचं भागायचं. आता कल्याणजवळ वालधुनी उल्हासला मिळते ती उल्हासनगर-अंबरनाथचं सांडपाणी घेऊनच. मासा कमी झाला, मोठा तर फारच.

ओहोटीचा जोर कमी झाला आणि ‘गब्’ असा आवाज आला. पाण्याचं तोंड उघडून मिटावं, तसा. रॉड थेट होडीच्या काठावर वाकला, रील किंचाळलं आणि वीसेक फुटांवर चांदीचा एक पत्रा हवेत उडाला. डोकं झटकत! ‘रॉड खाली कर, खाली!’ मित्र ओरडला. मी अर्थातच उलटं केलं. तेवढ्यात मासा खांबाकडे वळला.

वाचवलं ते काकांनी. न सांगता नांगर उचलला आणि होडी वल्हवत उघड्या पाण्यात नेली. पुढची वीस मिनिटं माझे दोन्ही हात थरथरत होते. शेवटी जाळीत आला. टेप लावली, ९४ सेंटीमीटर.

आणि मग भांडण झालं. मित्र म्हणाला, सोडायचा. काका म्हणाले, ‘वेडा झालास? एवढ्याचे किती येतात ठाऊक आहे?’ ठाऊक होतं. माझ्या या लेखाच्या मानधनापेक्षा जास्त.

पण जिताडा बहुतेक वेळा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे जाळीतला हा ‘तो’ बहुधा ‘ती’ होती, खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जाऊन लाखो अंडी घालणारी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये भरतीच्या पाण्यातला ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा जिताडा घरी नेताच येत नाही. मित्राने हे सगळं ऐकवलं. काका म्हणाले, ‘तुमचा छंद आहे, आमचं पोट आहे.’ यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मासा मी पकडला होता, म्हणून निर्णय माझा. मी जाळी पाण्यात उतरवली. मासा कलंडला, पोट वर. मी घाबरले. ‘असं नाही, पोरी,’ म्हणत काका वाकले, त्यांनी तिचा खालचा जबडा धरला आणि तोंड प्रवाहाकडे वळवलं. बराच वेळ तसेच बसले. मग शेपटीचा एक फटका, आमच्या तिघांच्या अंगावर गढूळ पाणी, आणि ती गेली.

परत येताना काका गप्प होते. धक्क्याला होडी लावल्यावर म्हणाले, ‘पुढच्या उधाणाला या. मोठी सोडा हवी तर. मधला लागला, तर माझा.’

ठरलं. गेल्या रविवारी ६५ सेंटीमीटरचा लागला. काकूंनी त्याचं कालवण केलं आणि आम्हा दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.