शब्द विसरताय? वही मिटून पाहा

जर्मन शिकू लागून महिना झाला की अनेकांची एकच तक्रार असते: काल पाठ केलेले शब्द आज आठवत नाहीत. ‘आता वय झालं’ म्हणत काही जण क्लासच सोडतात. खरे तर विसरणे तरुणांनाही चुकत नाही. मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. तासाभरात निम्म्याहून अधिक पाठांतर पुसले जाते, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पस्तिशीचे होते.

मग उपाय काय? पुन्हापुन्हा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला, दुसऱ्याला न पाहता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवणारे. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो आणि तो आपल्याला येतो असा भ्रम होतो, गफलत तिथेच.

तेव्हा वही झाकून शब्द आठवावा, मोठ्याने म्हणावा, मगच पडताळावा. दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा तेच. जर्मन नाम लिंगासकटच पाठ करावे. तीन लिंगे मराठी माणसाला नवी नाहीत, पण हा आधार फसवाही आहे. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मनांची ‘दी झॉने’ स्त्रीलिंगी! चंद्र तेवढा दोन्हीकडे पुल्लिंगी.