मयालीचं टोक

मे महिन्यातली सकाळ. नुकते कुठे सात वाजलेत आणि छपरीत आताच उकडायला लागलंय. सुतार काकाजी शिडीवर चढलेत. हातातल्या वाकसाच्या मागच्या बाजूनं छपराखालच्या आडव्या मयालीवर ठोकतात, पुतण्या शिडी भिंतीकडे सरकवतो, ते पुन्हा ठोकतात. आवाज खणखणीत येतो. भिंत दोन हातांवर राहते तेव्हा तो एकदम बद्द होतो. काकाजी पुन्हा दोनदा ठोकून बघतात आणि कानामागची पेन्सिल काढून मयालीवर आडवी रेघ मारतात.

"इथपासून भिंतीलोक उधईनं खाल्लं, भाऊ. बाकी लाकूड साबूत आहे."

वाकसाची धार रेघेपलीकडे टेकवताच पातळ पापुद्रा सुटतो. आत भुसा नाही, ओलसर माती. बाहेरून मयाल गुळगुळीत, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळी झालेली. आमच्यापैकी कोणालाही ती धडधाकटच वाटत होती.

हे गाव गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, नवेगावबांधच्या जंगलापासून जवळ. घर मातीच्या जाड भिंतींचं, सागाच्या मयाल-फाट्यांचं, वर गावठी कवेलू. जंगलातली वानरं घरावरून उड्या मारत जातात, कवेलू सरकतात, फुटतात. फटीतून शिरलेलं पाणी फाट्यावरून उतरत मयालीच्या टोकाशी येतं आणि टोक तर मातीच्या भिंतीत रुतलेलं. ओल तिथंच मुरते आणि ओलीपाठोपाठ उधई येते. मयाल भिंतीजवळच का खाल्ली गेली, याचा सगळा माग काकाजी खाली न उतरता बोटानं दाखवतात.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका ठेकेदारानं हेच घर अंगणात उभं राहून पाहिलं होतं. सगळं छप्पर काढा, लोखंडी अँगल टाका, वर टिना ठोका, असं म्हणून त्यानं जागेवरच आकडा सांगितला. टिनाखाली मे महिना कसा काढायचा, या आईच्या प्रश्नाला मात्र त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. काकाजींनी आकडा सांगितलाच नाही. रोजीनं येतो म्हणाले. मला ते पटलं. नवं दार, नवा पलंग खुशाल ठेक्यावर द्यावा. त्यात किती लाकूड लागेल, किती दिवस लागतील हे आधी सांगता येतं. जुन्या घराची दुरुस्ती ठेक्यावर देऊ नये. कवेलू उतरवल्याशिवाय आत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि जो आधीच आकडा सांगतो तो सगळंच बदलायचं धरून सांगतो.

आठ वाजेपर्यंत भिंतीलगतचे कवेलू उतरतात. पुतण्या ते हातोहात खाली देतो, आम्ही अंगणात रांगेनं लावतो, फुटके बाजूला काढतो. मयालीखाली दोन बल्ल्यांचे टेकू लागतात. तळाशी फळी आणि पाचर. पाचर ठोकताना काकाजींची नजर वरच आहे. छपराचा भार टेकूवर आला की फाट्यांमधून बारीकशी करकर ऐकू येते. ती येते, ते हातोडा खाली ठेवतात.

आता करवत. रेघेच्या अलीकडे, चांगल्या लाकडात चार बोटं सरकून ते मयाल कापतात. "किडक्याच्या काठावर कधी कापाचं नाई," एवढंच बोलतात. सुटलेल्या टोकाचा निम्मा भाग हातातच भुगा होतो.

जोडायचा सागाचा तुकडा काल आरा मशीनवरून आणलाय. तो आणायच्या आधी काकाजींनी पावतीची दोनदा आठवण केली होती. साग स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि वाहतुकीलाही पास लागतो. या जंगलपट्ट्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी विनापावतीचं स्वस्त लाकूड दारात आणून देणारेही भेटतात. काकाजी तसल्या लाकडाला हात लावत नाहीत. "पावती घरात जपून ठेवा, वहिनी," ते आईला सांगतात. "चौकशी आली तं दाखवाले कामी येते."

जोडाचं काम सगळ्यात सावकाश चालतं. जुन्या मयालीची खालची अर्धी जाडी आणि नव्या तुकड्याची वरची अर्धी जाडी, दोन-दोन वीत लांब, कापून काढायची. गुण्या लावून रेघा, मग करवत, मग पटाशी. पटाशीचे घाव लहान आणि सारख्या अंतरावर. नवा तुकडा वर नेऊन बसवतात, काढतात, जिथं घासल्याची चकाकी दिसते तेवढंच तासतात, पुन्हा बसवतात. तिसऱ्या वेळेला दोन्ही लाकडांमध्ये पोस्टकार्डही जाणार नाही इतका जोड मिटतो. मग गिरमिटानं भोकं, आरपार बोल्ट, दोन्हीकडून लोखंडी पट्टी.

एवढ्या जोडावर छपराचा भरवसा ठेवायचा का, मी विचारतो.

"जोड मंधात आला असता तं मयालच बदलाले लावली असती," काकाजी म्हणतात. "वजनानं लाकूड मंधात वाकते. भिंतीजवळ तेवढं नाई वाकत." भिंतीतल्या खोबणीतली जुनी माती ते पार खरवडून काढतात, उधईचं औषध मारतात, खाली चपटा दगड बसवतात आणि टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडतात. लाकडाला हवा लागली पाहिजे. टोकाला जळकं ऑईल फासलं जातं.

दुपारी जेवण होतं. वरण-भात, वांग्याची भाजी. पुतण्या विश्वकर्मा योजनेबद्दल सांगतो. 2023च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या योजनेत सुतारकाम आहे, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्याला विजेवरचा रंधा हवाय. काकाजींना त्यात वावगं वाटत नाही. त्यांची काळजी वेगळी. घरकुलांवर स्लॅब किंवा टिना येतात, चौकटी लोखंडी, दारं तयार मिळतात; नांगर-बंडीचं काम ट्रॅक्टरनं आधीच नेलं. पुतण्या दार करायला शिकेल, पण मयाल ठोकून ओळखायला त्याला छपरं कुठून मिळणार? मलाही तीच भीती वाटते. कान तयार व्हायला अशी पुष्कळ घरं हाताखालून जावी लागतात, आणि ती घरंच पाडली जाताहेत.

जेवणानंतर माजघराचं दार. ते अडतं, अशी आईची जुनी तक्रार. काकाजी रंधा हातात घेत नाहीत, आधी विचारतात, "कोणत्या महिन्यात अडते?"

"श्रावणात. कडीच्या बाजूनं."

ते मान हलवतात. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, लांबीला नाही. म्हणून वरच्या कडेला हातच लावायचा नाही. कडीच्या बाजूनं मात्र जाड नाण्याएवढी फट आताच ठेवायची, कारण मे महिन्यात लाकूड आटलेलं असतं आणि आज नेमकं बसलेलं दार ऑगस्टमध्ये उघडणार नाही. रंध्यातून लांब, पातळ साली निघतात. तासलेल्या कडेला आई घरचं जवसाचं तेल लावते. बांधीत धानामागून पेरलेल्या जवसाचं.

चारच्या सुमारास टेकू निघतात. आधी एक पाचर ढिली, मग दुसरी. मयाल हलत नाही. कवेलू परत चढू लागतात. हिशेब होतो. रोजी दोघांची, पट्टी आणि बोल्ट वेगळे. उरलेला सागाचा तुकडा काकाजी आईच्या हवाली करतात, पुढच्या वर्षी उंबरठ्याला लागेल म्हणून.

शेजारचे भाऊजी बराच वेळ कुंपणाशी उभे आहेत. त्यांचंही छप्पर गळतं, मिरग तोंडावर आलाय.

"ठेक्यानं केवढं घेसान, काकाजी?"

"पयले एका बाजूचे कवेलू उतरवून ठेवा जी. सकाळी येऊन पायतो, मंग बोलू."

"अन् सगळंच बदलाचं निंगालं तं?"

"तं तसं सांगन." काकाजी पटाशी गोणपाटात गुंडाळतात आणि पुतण्याला उद्याच्यासाठी दोन्ही बल्ल्या भाऊजींच्या अंगणात नेऊन ठेवायला सांगतात.