लिनक्सवरील जोडडिस्क आणि संगणकाचा आरंभ

एकच मजकूर दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिला जावा व एक निकामी झाली तरी दुसरीवर काम चालावे, या योजनेस ‘रेड-१’ म्हणतात. ‘रेड’ ही संज्ञा पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधामुळे रूढ झाली. लिनक्समध्ये हे काम वेगळ्या यंत्रभागावाचून कर्नलच करते. त्याची व्यवस्था ‘एमडीएडीएम’ या साधनाने पाहिली जाते. बोलींची ध्वनिमुद्रणे जतन करणाऱ्या एखाद्या विभागास अल्प खर्चात असा आधार मिळणे ही मोठीच सोय होय.

तथापि या योजनेस ‘आरसा’ हे जे दुसरे नाव पडले आहे ते काहीसे फसवे आहे. आरशात समोर असेल तेवढेच उमटते. आणि संगणकास जागे करणारा भाग या आरशासमोर नसतोच. कर्नल स्मृतीत आल्यावरच डिस्कांची जोडी अस्तित्वात येते. त्यापूर्वी चालणाऱ्या फर्मवेअरच्या लेखी प्रत्येक डिस्क सुटीच असते. जुन्या बायोस पद्धतीत ते डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांचा खंड वाचते. त्यांतील जेमतेम ४४६ बाइट आरंभक आज्ञांच्या वाट्यास येतात. ‘ग्रब’चा पुढील भाग त्यालगतच्या मोकळ्या जागेत, किंवा जीपीटी मांडणीत एका छोट्या स्वतंत्र विभागात असतो. हे सर्व जोडीच्या बाहेरचे.

यातूनच नेहमीचा घोटाळा उद्भवतो. बिघडलेली डिस्क बदलली जाते, नवी जोडीत घातली जाते, मजकूर जुळतो, स्थितिदर्शक फाइलीत दोन्ही ‘यू’ उमटतात आणि सर्वजण निश्चिंत होतात. पुढे केव्हातरी जुनी डिस्कही जाते. मजकूर नव्या डिस्कवर शाबूत असतो, पण संगणक सुरू होत नाही. म्हणून डिस्क बदलताच तिच्यावर ‘ग्रब’ स्वतंत्रपणे बसविणे अगत्याचे आहे.

यूईएफआय पद्धतीत आरंभाच्या फाइली ‘फॅट’ रचनेच्या विभागात राहतात. तो विभागही जोडीत घालणारे आहेत. मग जोडीची नोंद विभागाच्या शेवटी ठेवणारी १.० ही आवृत्ती घ्यावी लागते, कारण १.२ मध्ये ती आरंभापासून ४ किलोबाइटांवर असते व फर्मवेअरला तो विभाग ओळखता येत नाही. परंतु फर्मवेअरने स्वतःच एका प्रतीत काही लिहिल्यास कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा दोन स्वतंत्र विभाग ठेवून प्रत्येक अद्यतनानंतर एकाची नक्कल दुसऱ्यावर करणे व दोहोंची नोंद फर्मवेअरमध्ये ठेवणे हेच बरे, जरी ते कंटाळवाणे असले तरी.

खरी परीक्षा एकच : संगणक बंद करून एक डिस्क काढावी व उरलेलीवर तो सुरू होतो का ते पाहावे. नंतर काढलेली डिस्क जोडीत परत घेऊन मजकूर पूर्ण जुळेपर्यंत थांबावे, आणि मगच दुसरीची पाळी आणावी. ही घाई केल्यास दोन डिस्कांवर दोन निरनिराळे मजकूर तयार होतात, आणि त्यांतील कोणता ग्राह्य धरावा हे मग माणसालाच ठरवावे लागते.