ट्रॅक चेंजेसला कुलूप आणि सेक्रेटरी काकांचं न दबणारं बटण

विरार लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. माझे "म्हणजे... म्हणजे" तेवढे कापलेत, बाकी सगळं तसंच.

मी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहते. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय. सभा झाली, बिल्डर ठरला, पेढे वाटून झाले आणि मग खरी लढाई सुरू झाली: विकास कराराचा मसुदा. जाडजूड वर्ड फाइल, दोन्हीकडचे वकील, मध्ये ईमेलची ये-जा. कमिटीत तिशीच्या आतली मी एकटीच, त्यामुळे सेक्रेटरी काकांनी फर्मान काढलं, "कॉम्प्युटरचं तू बघ गं."

एका रविवारी सकाळी काकांचा फोन. "अगं, त्यांनी घुसवलेलं वाक्य आपल्याला नकोय, म्हणून रिजेक्ट दाबतोय, तर बटणच दबत नाही. फाइल बिघडली का?"

बिघडली नव्हती. फाइलला कुलूप होतं, आणि ते आमच्याच वकील मॅडमनी लावलं होतं.

वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू केलं की तुम्ही काय खोडलं, काय घातलं, हे रंगीत दिसतं, सोबत नावही येतं. शाळेत बाई लाल पेनाने वही तपासायच्या ना, तसं. पण एक गोची आहे. समोरच्याने ट्रॅकिंग बंद करून टाइप केलं, तर रंग उमटतच नाही. किंवा आपलाच बदल त्याने ॲक्सेप्ट करून टाकला, की तो शब्द जणू पहिल्यापासून तिथेच होता असा साळसूद दिसायला लागतो. म्हणून रिव्ह्यू टॅबमध्ये ट्रॅक चेंजेसच्या खाली 'लॉक ट्रॅकिंग' असतं. ते लावून पासवर्ड दिला, की तो पासवर्ड असल्याशिवाय ट्रॅकिंग बंद करता येत नाही, आणि ॲक्सेप्ट-रिजेक्ट ही बटणंही करडी होऊन बसतात. दोन्ही बाजूंसाठी. काकांचा संताप या बटणांवर होता.

मग कुलूप असताना "आम्हाला हे मान्य नाही" म्हणायचं कसं? सोप्पं आहे. त्यांनी घातलेलं वाक्य सरळ डिलीट करा. ते जात नाही. त्यांच्या रंगातल्या वाक्यावर तुमच्या रंगाची रेघ येते. म्हणजे यांनी घातलं, त्यांनी खोडलं, दोन्ही दिसतं. त्यांनी तुमचं वाक्य खोडलं असेल तर ते पुन्हा टाइप करा आणि बाजूला कॉमेंटमध्ये कारण लिहा. पान होळीसारखं रंगतं, पण वाटाघाटीत तोच तर पुरावा. पासवर्ड कसा तोडायचा याचे व्हिडिओ शोधत बसू नका. समोरच्याचं कुलूप आपण फोडलं, तर उद्या आपल्या फाइलवर कोण विश्वास ठेवणार?

आता मुद्द्यावर येते. तिसरा मसुदा आम्ही कुलूप लावून पाठवला. आठवड्याने त्यांच्याकडून चौथा आला. रंगीत बदल फक्त तीन, तिन्ही किरकोळ. काका खूश. वर म्हणतात कसे, "आणि आता बटणपण दबतंय बघ! ठीक झालं वाटतं."

मी चहा खाली ठेवला.

पासवर्ड फक्त मॅडमकडे होता. त्यांनी तो कुणाला दिला नव्हता. मग बटण दबतंय, म्हणजे ही आमची फाइल नव्हेच. सगळा मजकूर कॉपी करून नव्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवला, की कुलूप जुन्या फाइलवरच राहतं. वर्ड स्वतः हे लपवत नाही. कुलूप लावताना जी छोटी खिडकी उघडते, तिथेच कंसात लिहिलेलं असतं की हे काही सुरक्षेचं साधन नाही. आपल्याला तेवढं वाचायची सवय नसते, हा भाग वेगळा.

मग मी कंपेअर लावलं. आमच्या तिसऱ्या मसुद्याच्या प्रतीचं कुलूप काढून घेतलं, रिव्ह्यूमध्ये कंपेअर, मूळ फाइल म्हणून आमची, बदललेली म्हणून त्यांची. वर्ड मध्येच विचारतं की फाइलमधले आधीचे ट्रॅक केलेले बदल तुलनेपुरते मान्य धरू का. हो म्हणा, तुमची मूळ प्रत तशीच राहते. निकाल आला. बदल तीन नव्हते, चार होते.

चौथा भाड्याच्या कलमात. आमच्या मसुद्यात होतं: भोगवटा प्रमाणपत्र येऊन सभासदाला नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देईल. त्यांच्यात होतं: ताबा घेण्याविषयी सूचनापत्र देईपर्यंत. चारच शब्दांची हलवाहलव. पण सूचनापत्र काय, बिल्डर कधीही पाठवू शकतो. लिफ्ट नाही, पाण्याचं कनेक्शन नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि तिकडे वसंत नगरीत भाड्याने राहणाऱ्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींचं भाडं बंद. त्या पेन्शनवर आहेत.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली सरकारने ३ जानेवारी २००९ ला रिडेव्हलपमेंटच्या सूचना काढल्या आणि ४ जुलै २०१९ ला त्या सुधारल्या. काम चालू असताना सभासदांची पर्यायी सोय किंवा भाडं ही गोष्ट त्या सूचनांमध्ये आहेच. पण भाडं नेमकं कोणत्या दिवशी थांबणार, हे शेवटी तुमच्या करारातली ओळ ठरवते. आणि एकदा सही झाली की "तोंडी असं ठरलं होतं" याला कोर्टात सहसा जागा नसते. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९२ हे सांगायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ९५ सांगतं.

मुद्दाम केलं का? मला माहीत नाही. त्यांच्या वकिलांनी सांगितलं की ऑफिसच्या नमुन्यात मजकूर टाकताना जुनं कलम राहून गेलं. असेलही. मॅडमनी भांडण केलं नाही. कंपेअरची फाइल ईमेलला जोडली, चौथा बदल पिवळा केला आणि एकच ओळ लिहिली: यापुढे प्रत्येक मसुद्यासोबत मागच्या मसुद्याशी केलेली तुलनाही पाठवावी, आम्हीही पाठवू. दोन दिवसांत जुनं वाक्य परत आलं.

उलटा घोळही होतो, बरं का. 'नो मार्कअप' निवडलं की रंग दिसेनासे होतात आणि आपल्याला वाटतं फाइल स्वच्छ झाली. ते फक्त लपलेले असतात. ऑक्टोबर २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येवरचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल वर्ड फाइल म्हणून पत्रकारांकडे गेला, आणि त्यातून काढलेली सीरियातल्या बड्या लोकांची नावं ट्रॅक चेंजेसमध्ये जशीच्या तशी सापडली. आपल्या फाइलमध्ये निदान "बिल्डरला इतकं सांगू नका" अशी कॉमेंट राहू नये. पाठवण्याआधी 'ऑल मार्कअप' करून एकदा बघा.

आणि हो, हे सगळं फोनवर करू नका. व्हॉट्सॲपवर फाइल उघडून "वाचली" म्हणणारे आमच्या ग्रुपवर बरेच आहेत. तुलनेसाठी कॉम्प्युटरच लागतो. वर्ड नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे, त्यातही तुलना होते. गूगल डॉक्समध्येही कॉम्प्युटरवर टूल्सखाली ती सोय आहे.

सहीच्या आधी मॅडमनी कुलूप काढलं, सगळे बदल ॲक्सेप्ट केले, ती स्वच्छ प्रत शेवटच्या मान्य मसुद्याशी पुन्हा ताडली आणि मगच पीडीएफ केली. नोंदणीच्या दिवशी छापील पानं आली, तेव्हा काकांनी चष्मा लावला, पीडीएफ माझ्या लॅपटॉपवर उघडायला लावली आणि भाड्याचं कलम बोट ठेवून, मोठ्याने, दोनदा वाचलं. पाठीमागे रांग लागली होती. काकांनी मान वर केली नाही.