ठिगळाचा सदरा

परळच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत, कपडेपट सांभाळणारे काका पत्र्याची पहिली ट्रंक उघडतात आणि वेखंडाचा वास खोलीभर पसरतो. पावसाआधी बंद झालेल्या दोन नाटकांचे कपडे इथे आहेत. एक ऐतिहासिक, एक कौटुंबिक, निर्माता एकच. खोलीचं भाडं त्याला आता झेपत नाही. काय ठेवायचं, काय विकायचं, काय टाकायचं, ते आज ठरणार आहे. बाहेर चौकात ऑक्टोबरचं कडक ऊन आहे. दोऱ्या बांधून तयार आहेत.

आधी ऐतिहासिक. जांभळा मखमली अंगरखा वर येतो. काका तो उलटा करून, अस्तर वर ठेवून, दोरीवर टाकतात. ही मखमल धुवायची सोय नाही. प्रत्येक प्रयोगानंतर उलटी करून वाऱ्यावर धरायची, एवढंच. काखेत सुती कापडाचे चौकोन टाचलेले आहेत. नटाचा घाम त्या चौकोनांत मुरतो, ते काढून धुतले जातात आणि अंगरखा वाचतो. गळ्याच्या आत एका पट्टीवर तीन नावं आहेत, त्यातली दोन खोडलेली. भूमिका तीन नटांनी केली. कडेच्या शिवणीशी जुन्या टाक्यांच्या भोकांची बारीक रांग दिसते.

"माया भरपूर ठेवली होती," काका शिवणीवरून बोट फिरवत सांगतात. "तिसरा गडी अंगानं भरलेला. उसवलं, सोडलं, झाला त्याला. नाहीतर नवा शिवावा लागला असता."

माझ्या हातात त्यांची वही आहे. अंक, प्रवेश, पात्र, कपडा, दागिना अशी प्रत्येक पानावर उतरंड. समासात 'इथे फक्त अर्धा मिनिट' असं तांबड्या शाईत लिहिलंय. त्या अर्ध्या मिनिटासाठी अंगरख्याच्या बंदांखाली वेल्क्रो लावलेलं आहे. बंद नुसते दिसायला. विंगेत काळोखात एकानं मागून ओढायचं, दुसऱ्यानं पुढून चढवायचं. प्रेक्षकाला यातलं काहीच कळत नाही.

भाड्यानं कपडे देणारे दुकानदार येतात, सोबत हरकाम्या पोरगा. ते अंगरख्याची जर अंगठ्यानं घासून बघतात. खोटी आहे, दिव्यांखाली झळकते तेवढी पुरे. शेले, मंदील, कमरबंद, चार जिरेटोप, सुरवारींची चळत असं सगळं ते एका बाजूला लावतात. त्यांचा हंगाम आता सुरू होतोय. नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संस्था येतील, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, मग १९ फेब्रुवारीची शिवजयंती. भाव ठरतो. वजनावर नाही, पण नगावरही नाही, गठ्ठ्यावर. काका मान डोलावतात, घासाघीस करत नाहीत.

मग पोरगा खिशातून उसवणी काढतो आणि अंगरख्याच्या गळ्यातली नावांची पट्टी सर्रकन उसवून टाकतो. तिथे आता दुकानाचा नंबर लागणार. काका बघत उभे राहतात. पुढच्या ट्रंकेकडे वळायला त्यांना जरा वेळ लागतो. माझाही जीव तुटतो, पण त्या दुकानदाराला मी बोल लावणार नाही. हा अंगरखा अजून कितीतरी पोरांच्या अंगावर चढेल, फाटेल, रफू होईल, पुन्हा मंचावर जाईल. कपडा जगवायची ही जुनी आणि चांगली रीत आहे.

माझी खरी तक्रार दुसऱ्या ट्रंकेपाशी सुरू होते.

कौटुंबिक नाटकाचे कपडे. दोन सुती साड्या, एक गाऊन, मुलाच्या जीन्स, सासऱ्याची धोतरं. दुकानदार वाकूनही बघत नाहीत. "हे भाड्यानं कोण नेणार? घरोघरी आहे." साड्या आणि गाऊन बोहारणीकडे जाणार, स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात. धोतरं मऊ झालीत. काकांची बायको त्यांची गोधडी शिवणार आहे. नायिकेची हिरवी साडी निर्मात्यानं शेवटच्या प्रयोगाला तिलाच दिली. तळाशी सदरा उरतो.

बंद गिरणीतल्या कामगाराचा सदरा. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप तो घालून खुर्चीत बसायचा. कापड कोरं आणलेलं. वेशभूषाकार बाईंनी ते चहाच्या पाण्यात उकळलं, कॉलर पॉलिश पेपरनं घासली, कोपरावर ठिगळ लावलं. उजव्या बाहीची कड डावीपेक्षा जास्त झिजवलेली आहे, कारण म्हातारा उजव्या हातानं हिशेब लिहायचा. खिशाचं तोंड ताणून सैल केलंय, तिथे चष्म्याचं घर असायचं. सदरे दोन आहेत, हुबेहूब. रविवारी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग लागले की घामाचा सदरा तेवढ्यात वाळायचा नाही, म्हणून जोडी. दुसरा पहिल्यासारखाच झिजवायला जास्त वेळ गेला, काका सांगतात. ठिगळाचा टाकासुद्धा मोजून घातलाय.

एवढा विचार त्या झळकणाऱ्या अंगरख्यात नव्हता. आणि नाटक बंद झालं की आधी मरतो तो हाच कपडा. भरजरीला गिऱ्हाईक आहे, साध्याला नाही.

बालगंधर्वांच्या शालू-पैठण्यांच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. पण १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, तेव्हा रेशमात पाहायची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर तेच बालगंधर्व सिंधूच्या दारिद्र्यात ठिगळाचं लुगडं नेसून उभे राहिले. मला त्यांचा एकच कपडा पाहायची मुभा मिळाली, तर मी शालू मागणार नाही. ते लुगडं मागेन. ठिगळ कुठे लावलं, कुठल्या रंगाचं, पदर किती विरलेला. यावरून त्या काळच्या नटाची समज कळली असती.

काकांना मी सदऱ्याबद्दल विचारतो. ते दोन्ही सदरे उन्हात उलटसुलट करतात आणि एक बाजूला काढतात. दुसरा चिंध्यांत जातो. "एकाला जागा होईल माझ्या घरी," ते म्हणतात. प्रयोग थांबले तशी त्यांची नाईट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, तीही थांबली आहे. घर दहा बाय बाराचं. तरी ते धुतलेल्या मलमलीत सदरा गुंडाळतात. प्लास्टिक नको म्हणतात, दमट धरतं. वहीतलं दुसऱ्या अंकाचं पान फाडून ते घडीत घालतात, त्यावर शिवणाऱ्या मास्तरांचं नाव लिहितात.

नाटकाची संहिता छापली जाते, गाणी ध्वनिमुद्रित होतात, फोटो अल्बमात लागतात. कपडा तेवढा सुटतो. निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नाटक बंद कराल त्या दिवशी त्यातला एक साधा कपडा वेगळा काढा. भरजरी नको, साधाच. त्याच्या घडीत चिठ्ठी ठेवा: नाटक, अंक, पात्र, वेशभूषाकार, शिंपी. गळ्यातली नावं उसवू नका. वर्षातून दोनदा घडी मोडून उलटी घाला, म्हणजे एकाच रेषेवर कापड तुटणार नाही. नाट्य परिषदेच्या शाखांनी आणि विद्यापीठांतल्या नाट्यविभागांनी यासाठी एकेक कपाट द्यावं. मोठं लागत नाही. परळचा सदरा सध्या काकांच्या घरी माळ्यावर आहे. त्याला जागा द्यायला कोणी तयार असेल, तर काका तो वहीसकट द्यायला तयार आहेत.