पमीस व ज्वालामुखी राखेच्या मृदा

ज्वालामुखीच्या स्फोटक उद्रेकात उधळली गेलेली राख व पमिसाचे खडे यांपासून तयार झालेल्या मृदा. येथे राख म्हणजे जळून उरलेला पदार्थ नव्हे, तर २ मिमी.पेक्षा लहान असे काचेचे, खनिजांचे व खडकांचे कण होत. पमीस हा फेसासारखा सच्छिद्र काचमय खडक आहे. वर येणाऱ्या शिलारसातील वायू एकाएकी प्रसरण पावून बुडबुडे बनतात आणि ते फुटून नाहीसे होण्यापूर्वीच रस थिजतो. त्यामुळे खडकात असंख्य पोकळ्या राहतात व त्याचे खडे पाण्यावर तरंगू शकतात. या मृदांचा हलकेपणा, पाणी धरून ठेवण्याची रीत, तापण्या-निवण्यातील टोकाचे चढउतार आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या अरण्याचा नाजूकपणा या सर्वांचे मूळ प्रामुख्याने या पोकळ्यांत आहे.

महाराष्ट्रातील काळी मृदा (रेगूर) हीदेखील ज्वालामुखीजन्य खडकापासूनच बनलेली आहे. परंतु ती घट्ट बेसाल्टी लाव्ह्यावर दीर्घकाळ वातावरणक्रिया होऊन तयार झाली. तिच्यात पाण्याने फुगणारी व उन्हाने आकसून भेगाळणारी मृत्तिका-खनिजे विपुल असतात. पमीस मृदेत अशी मृत्तिका जवळजवळ नसते. ती सुटी, भुसभुशीत व वाळूसारखी असते. म्हणून मूळ द्रव्य ज्वालामुखीतून आलेले असले, तरी दोन्ही मृदांचे वर्तन अगदी भिन्न आहे.

उत्पत्ती व आढळ : जपान, न्यूझीलंड, इंडोनेशिया, चिली, आइसलँड इ. जागृत ज्वालामुखींच्या प्रदेशांत या मृदा आढळतात. अरण्याने व्यापलेल्या घळयांतील (अरुंद व खोल दऱ्यांतील) पमीस मृदांचे चांगले अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील क्रेटर सरोवराच्या परिसरात मिळते. येथे कॅस्केड पर्वतरांगेत मझामा हा ज्वालामुखी होता. सु. ७,७०० वर्षांपूर्वी त्याचा प्रचंड उद्रेक होऊन सु. ५० घ. किमी. शिलारस बाहेर पडला. आधार गेल्यामुळे शिखर खाली खचले व त्या जागी महाकुंड निर्माण झाले. त्यात पाणी साचून बनलेले क्रेटर सरोवर ५९४ मी. खोल असून ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत खोल सरोवर आहे. या प्रदेशाचे भूविज्ञान हॉवेल विल्यम्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडले. उद्रेकाच्या वेळी या भागात मनुष्यवस्ती होती. लूथर क्रेसमन यांना १९३८ मध्ये फोर्ट रॉक येथील गुहेत मझामाच्या राखेच्या थराखाली झुडपाच्या सालीपासून विणलेल्या अनेक चपला मिळाल्या.

उद्रेकाच्या पहिल्या अवस्थेत उंच उसळलेल्या स्तंभातून पमीस व राख यांचा वर्षाव झाला आणि वाऱ्यामुळे त्यांचे थर मुख्यतः ईशान्येकडे पसरले. ज्वालामुखीजवळ हे थर जाड व भरड, तर दूरवर पातळ व बारीक कणांचे आहेत. दुसऱ्या अवस्थेत तप्त वायू, राख व पमीस यांचे अग्निदलिक प्रवाह उतारांवरून वेगाने वाहत गेले. रोग नदीच्या खोऱ्यात ते ६० किमी.हून अधिक अंतरापर्यंत पोहोचले. हिमनद्यांनी पूर्वी कोरलेल्या दऱ्या या प्रवाहांनी भरून काढल्या. वर्षावाचे थर कणांच्या आकारानुसार निवडले गेलेले असतात. प्रवाहांच्या भरावात मात्र बारीक राख आणि लहानमोठे पमीस-खंड यांची सरमिसळ असते.

या भरावातून ॲनी, सन, सँड, कॅसल इ. ओढ्यांनी नव्या घळया कोरल्या. भराव सुटा असल्याने हे काम भूवैज्ञानिक दृष्ट्या अल्पावधीत झाले. भरावातून वर निघणाऱ्या तप्त वायूंनी काही ठिकाणी राखेचे कण एकमेकांस चिकटवून घट्ट केले. भोवतालची सुटी राख वाहून गेल्यावर तेथे उंच सुळके उभे राहिले. सँड ओढ्याच्या परिसरातील असे काही सुळके सु. ३० मी. उंच आहेत.

भौतिक गुणधर्म : सामान्य खनिज मृदेची आकारमानी घनता (पोकळ्यांसह मोजलेल्या एकक आकारमानातील कोरड्या मृदेचे वस्तुमान) दर घ. सेंमी.स साधारणपणे १.१ ते १.६ ग्रॅ. असते. राख व पमीस यांच्या मृदांत ती बहुधा ०.९ ग्रॅ.पेक्षा कमी भरते. या मृदांत पोकळ जागा दोन प्रकारची असते : एक कणाकणांमधील व दुसरी कणांच्या आतील. पहिलीतून पाणी वेगाने मुरते. त्यामुळे पालापाचोळ्याने झाकलेल्या उतारावरही पृष्ठभागावरून वाहणारे पाणी थोडेच असते. दुसरीत बरेच पाणी साठते. परंतु पमिसाचे खडे एकमेकांना मोजक्याच बिंदूंत टेकलेले असल्याने ते एका खड्यातून दुसऱ्यात सावकाश सरकते. बारीक राखेचा थर भरड पमिसावर असेल, तर वरचा थर जवळजवळ संपृक्त होईपर्यंत पाणी खाली उतरत नाही.

कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. त्यामुळे कोरड्या पमीस मृदेत उन्हाची उष्णता खोलवर पोहोचत नाही. पृष्ठभागाचा पातळ थरच अतिशय तापतो. रात्री आकाश निरभ्र असल्यास तोच थर झपाट्याने निवतो व खालून उष्णता पुरेशा वेगाने येत नसल्याने ऐन उन्हाळ्यातही त्यावर हिमतुषार पडू शकतात. पी. एच. कॉक्रन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोपांच्या दृष्टीने मृदेच्या या ऊष्मीय गुणांचे महत्त्व दाखवून दिले. घळयांत ही अडचण अधिक तीव्र होते. कारण रात्री थंड व जड हवा उतारांवरून ओघळून तळाशी साचते. परिणामी एकाच घळईत वरच्या कडेवर रोपे तगतात, तर तळच्या सपाट भागात ती गारठून मरतात.

रासायनिक गुणधर्म : मझामाचे पमीस सिलिकासमृद्ध असून कॅल्शियम व मॅग्नेशियम त्यात कमी आहेत. ज्वालामुखी काच उष्ण व दमट हवामानात लवकर विघटित होते आणि तिच्यापासून ॲलोफेन व इमोगोलाइट ही अस्फटिकी वा अल्पस्फटिकी द्रव्ये बनतात. इमोगोलाइटाचे वर्णन १९६२ मध्ये जपानमधील राखेच्या मृदेवरून प्रथम करण्यात आले. ही द्रव्ये फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते वनस्पतींना सहज मिळत नाही. क्रेटर सरोवराच्या परिसरात हिवाळा दीर्घ असतो, बर्फ वर्षाला सु. १२ ते १३ मी. पडते आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथे काचेचे विघटन मंद असल्याने मृदा अद्याप बाल्यावस्थेत आहे. सी. टी. यंगबर्ग व सी. टी. डर्नेस यांनी १९६४-६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या मृदांचे भौतिक-रासायनिक गुण आणि नायट्रोजन, फॉस्फरस व गंधक यांची उणीव दाखवून दिली. पोषकद्रव्यांचा मोठा भाग पालापाचोळा आणि त्याखालील काही सेंमी. जाडीचा काळपट थर यांतच असतो.

मृदा व अरण्य : कमी उंचीवर पाँडेरोझा पाइन, त्याहून वर फर व हेमलॉक आणि थंड, सपाट खोलगटांत लॉजपोल पाइन असे सूचिपर्णी वृक्ष येथे आढळतात. लॉजपोल पाइनचे कोवळे रोप पाँडेरोझाच्या रोपापेक्षा अधिक थंडी सोसते, म्हणून खोलगटांत त्याचे प्राबल्य असते. मुळांची वाटणी लक्षणीय आहे. वरच्या काळपट थरात मुळांचे दाट जाळे असते, खालच्या भरड पमिसात ती विरळ होतात आणि जेथे राखेखाली उद्रेकापूर्वीची जुनी मृदा आवाक्यात असते, तेथे ती पुन्हा फोफावतात. पुरलेली ही मृदा किती खोल आहे यावर वृक्षांची वाढ बरीच अवलंबून असते. आगीनंतर उगवणारे स्नोब्रश हे झुडूप मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन स्थिर करते व मृदेची एक मोठी उणीव काही अंशी भरून काढते. सरोवराच्या उत्तरेस पमीस वाळवंट नावाचा सपाट प्रदेश आहे. तेथे पाऊस व बर्फ भरपूर असूनही हजारो वर्षांत अरण्य उभे राहू शकलेले नाही. कडेने लॉजपोल पाइन सावकाश आत सरकत आहे.

वर्गीकरण : जपानी भाषेत काळपट मृदेला ‘अंदो’ म्हणतात. अमेरिकन मृदा वर्गीकरणात १९७५ मध्ये या मृदांना अँडेप्ट या उपगणात स्थान होते. गाय डी. स्मिथ यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रस्तावावरून पुढे अँडिसॉल हा स्वतंत्र गण करण्यात आला. काचेचे प्रमाण अधिक व विघटन कमी असलेल्या पमीस मृदा त्याच्या व्हिट्रँड या उपगणात मोडतात. अतिथंड प्रदेशांतील मृदांचा उपगण वेगळा आहे. जगाच्या भूपृष्ठाचा १ टक्क्याहून कमी भाग अँडिसॉलांनी व्यापलेला आहे.

उपयोग व संधारण : या मृदांतील दोष नेहमीच डोळ्यांना दिसणारे नसतात. न्यूझीलंडमध्ये इ. स. २३२ च्या सुमारास झालेल्या टाउपो उद्रेकाच्या पमिसावरील कुरणांत गुरे व मेंढ्या चारा असूनही खंगून मरत. त्यामुळे चराईस निरुपयोगी ठरलेल्या कैंगारोआ पठारावर पाइनची विस्तीर्ण लागवड झाली. १९३०–४० या दशकात या रोगाचे कारण मृदेतील कोबाल्टाची उणीव हे असल्याचे सिद्ध झाले व कोबाल्टयुक्त खत देऊन अशा जमिनी कुरणांखाली आणता आल्या.

अरण्यातील मृदेची हानी मात्र खताने सहज भरून निघत नाही. अवजड यंत्रांनी ओंडके ओढल्यास हलकी राख दबते, तिच्यातील मोठ्या पोकळ्या मिटतात आणि ती पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. तोड केलेली जागा साफ करताना काळपट थर खरवडला गेला, तर पोषकद्रव्यांबरोबर उन्हाथंडीपासून मिळणारे संरक्षणही जाते. घळयांच्या उतारांवर आच्छादन नष्ट झाल्यास सुटे खडे कोरड्या हवेतही घरंगळतात व पाण्याबरोबर तरंगत ओढ्यात जातात. म्हणून बर्फाचा जाड थर असताना किंवा जमीन गोठलेली असताना तोड करणे, यंत्रांसाठी ठरावीक मार्ग राखणे, रोपांवर सावली राहील इतके जुने वृक्ष ठेवणे आणि दबलेल्या भागात खोल नांगरट करणे, असे उपाय योजतात. काळपट थर तयार होण्यास लागलेला काळ पाहता त्याचे जतन करणे हेच या मृदांच्या संधारणाचे मुख्य सूत्र ठरते.